तिसरा नारळ

परवा वाचनालयातली जुनी पुस्तकं निकालात काढायची म्हणून मला बोलावणं आलं. माझे डोळे आता बारीक टाइप वाचायच्या कामाचे राहिलेले नाहीत. पण त्यातली निम्मीअधिक पुस्तकं आमच्याच छापखान्यात छापलेली, तेव्हा ठेवायचं काय आणि वाळवीला द्यायचं काय हे म्हाताऱ्याला विचारून घ्यावं, असं कुणीतरी सुचवलं असणार. मी खुर्चीत बसलो. वाचनालयाचे दोन तरुण कार्यकर्ते कपाटापाशी मांडी ठोकून बसले. थोड्या वेळानं त्यांतला एक खोकायला लागला. मग दुसरा खोकायला लागला. तो खोकला माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

"दीपगृह सापडलं वाटतं," मी म्हटलं.

दीपगृहच होतं. तरुणांना ब्रह्मचर्याचं महत्त्व पटवून देणारं एक पुस्तक आम्ही छापलं होतं. त्याच्या मुखपृष्ठावर मधोमध उंच दीपगृह, पायथ्याला डावी-उजवीकडे एकेक गोलमटोल खडक आणि वर टोकाशी चौफेर उसळलेला प्रकाश. चित्र आपल्या किल्ल्यावरच्या बत्तीवरून काढलेलं, रेघ न् रेघ सफाईदार.

"आजोबा, हे काढलंन कोणी?"

"ड्रॉइंग मास्तरांनी."

"मुद्दाम?"

"नाही रे बाबांनो."

ह्या 'मुद्दाम?'चं उत्तर देऊन देऊन मी थकलो आहे. त्या काळी लोक विचारायचे, मग त्यांची मुलं विचारायला लागली, आता नातवंडं विचारतात. कुणालाच खरं वाटत नाही. एवढा शिकलेला माणूस, मुंबईची चित्रकलेची परीक्षा दिलेला, आणि त्याला कळू नये? नाही कळलं. त्या माणसाच्या डोक्यात ती खोलीच नव्हती, एवढंच मी सांगू शकतो.

मास्तर मूळचे जयगडकडचे. आईबाप लहानपणीच गेलेले, लग्न केलं नाही, का केलं नाही हे कुणी विचारलं नाही. झाडगावात एका घराच्या माडीवर एकटेच राहायचे. सकाळी कुळथाची पिठी आणि भात, रात्री उरलेली पिठी आणि उरलेला भात. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, काखेत छत्री, कानावर पेन्सिल. आणि एक खोड. समोर काहीही आलं, माणूस असो, म्हैस असो, की देवळाचा कळस असो, मास्तर हात लांब करून पेन्सिल उभी धरायचे, एक डोळा मिटायचे आणि अंगठ्यानं माप घ्यायचे. चहा पिताना घ्यायचे. प्रेताला खांदा द्यायला गेले तरी तिरडीच्या बांबूचं माप घ्यायचे.

त्या मिटलेल्या डोळ्यानं त्यांना एकदा भर मासळी बाजारात गोत्यात आणलं. मासेवाली पाटी डोक्यावर घेऊन कमरेत वाकून उभी होती. मास्तर तिच्यासमोर थांबले, पेन्सिल धरली आणि डोळा मिटला.

"मेल्या म्हाताऱ्या, डोळा कोणाला मारतोस रे?" तिनं पाटी खाली आपटली. "घरात आयशीबयणी नाहीत काय तुला?"

"नाहीत," मास्तर म्हणाले. "तुमची पाटी डावीकडे कललीय. तशीच धरा जरा, वजन कुठे पडतं ते बघतो."

बाजारात हशा पिकला. मासेवाली त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग काय वाटलं कोण जाणे, तिनं पाटी पुन्हा डोक्यावर घेतली. मास्तरांनी तिथे उभ्या उभ्या चित्र पुरं केलं, तिला नमस्कार केला आणि निघाले. लोक का हसले हे त्यांनी मला वाटेत विचारलं. मी म्हटलं, मासे महाग झालेत म्हणून. ते त्यांना पटलं.

आमचा छापखाना म्हणजे वडिलांनी मागे ठेवलेलं, पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, टायपांच्या केसेस आणि टाइप जुळवणारा मंडणगडकडचा एक कंपोझिटर. लग्नपत्रिका, हँडबिलं, सत्यनारायणाच्या पोथ्या आणि अधूनमधून एखादं पुस्तक. पुस्तक आलं की मुखपृष्ठ मास्तरांकडे. आम्ही विषय सांगायचो, आकार सांगायचो. चित्र आलं की मुंबईला पाठवायचं, तिथून जस्ताचा ब्लॉक बोटीनं मांडवीला उतरायचा, की छापून मोकळे. चित्र कसं हवं असं मास्तरांना कुणी सांगत नसे, आणि कसं झालं हेही कुणी सांगत नसे. पुस्तकात त्यांचं नाव घालायचं तर कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मास्तरांचा एक नियम होता. शाळेत फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ते मुलांकडून घोकून घ्यायचे: एक उभं, दोन गोल. "चित्राला बूड हवं रे," ते म्हणायचे. "नुसतं उभं केलंत की ते पडणार. त्याच्या पायाशी दोन गोल ठेवा, एक ह्या अंगाला, एक त्या अंगाला. मग वादळ आलं तरी हलायचं नाही." शेतकीच्या पुस्तकावर त्यांनी माड काढला आणि बुंध्याशी दोन शहाळी ठेवली. किल्ल्यांच्या माहितीवर वर तोंड केलेली तोफ आणि तिची दोन चाकं. व्याकरणावर उभा टाक आणि दोन दौती. आम्ही वर्षानुवर्षं ही चित्रं छापत होतो आणि आमच्या कुणाच्या ध्यानात काही आलं नव्हतं. ब्रह्मचर्याचं पुस्तक हातोहात खपलं, सावर्ड्यापासून मागणी आली, तेव्हा मला तर वाटलं की जिल्ह्यातली तरुण पिढी सुधारली. लेखकानं मला पेढे दिले होते.

मग बाईंचं पुस्तक आलं.

बाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या. लहान वयात नवरा गेलेला, पदरी म्हातारी सासू. सासूनं सुनेला शिकू दिलं आणि सुनेनं सासूला सांभाळलं, असं त्यांचं घर. आपल्याकडे लग्नाआधी घाणा भरतात, मुसळांना आंब्याची पानं बांधून सुवासिनी उखळात हळद कांडतात आणि गाणी म्हणतात. ती गाणी बाईंनी गोळा केली होती. मुसळाला हात लावायचा त्यांना अधिकार नव्हता. त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या आणि आत गाणं चाललं असेल ते उतरून घ्यायच्या. गावोगाव, घरोघर, अशी कितीतरी वर्षं. बायकांना सवय झाली होती. आतून कुणीतरी ओरडायची, "बाई, हे घेतलंत काय हो?" आणि बाई बाहेरून म्हणायच्या, "पुन्हा म्हण गो, शेवट निसटला."

शाळेच्या सेक्रेटरींना हे पसंत नव्हतं. विधवेनं लग्नाची गाणी छापायची म्हणजे काय, असं ते चारचौघांत बोलून दाखवत होते. पण पुस्तकात वावगं असं काही सापडत नव्हतं, त्यामुळे दबा धरून बसले होते. हे बाईंना ठाऊक होतं आणि मलाही.

हस्तलिखित देताना बाई म्हणाल्या, "भाऊ, चित्र मास्तरांकडून घ्या. आणि आतल्या पानावर त्यांचं नाव छापा. माझं नाव छापणार ना तुम्ही? मग त्यांचंही छापा."

मी हे मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी काढली, आत बघितलं आणि पुन्हा घातली. दुसऱ्या दिवशी विचारायला आले, नावाला मास्तर लावायचं की नुसतं. संध्याकाळी पुन्हा आले, नुसतं बरं म्हणाले. चित्र काढायला त्यांनी नेहमीपेक्षा खूप दिवस घेतले, आणि खाली कोपऱ्यात सही केली. आजवर कधी केली नव्हती.

ब्लॉक आला. मी बाहेरून परत आलो तर कंपोझिटर मशीनकडे पाठ करून उभा होता.

"काय रे? छापलंस?"

"मी काय बोलू? तुमीच बगा."

मी प्रूफ उचललं. मधोमध मुसळ, ताठ. टोकाला आंब्याची पानं बांधलेली. आणि पायाशी दोन नारळ, शेंडीसकट, त्या शेंडीचा केस न् केस काढलेला. खाली बाईंचं नाव.

मी खाली बसलो. आणि बसल्या बसल्या मला माड दिसला, तोफ दिसली, टाक-दौती दिसल्या, दीपगृह दिसलं, आणि पेढे का मिळाले तेही कळलं. इतकी वर्षं जे नुसतं मुखपृष्ठ होतं ते पुन्हा नुसतं मुखपृष्ठ कधीच होणार नव्हतं. मला हसू नाही आलं. मला भयंकर कंटाळा आला, सगळ्याचाच.

आधी मी मास्तरांकडे गेलो. म्हटलं बघू जमतं का.

"मास्तर, चित्र छान आहे. पण जरा... कसं सांगू? बघणाऱ्याच्या मनात भलतंच येतं."

"भलतंच म्हणजे?"

"म्हणजे संसारी माणसाच्या मनात येईल असं."

मास्तरांनी प्रूफ लांब धरलं, डोळा मिटला. "संसारी माणसाला नारळ लहान वाटतात काय?"

"नाही हो, लहान नाही वाटत."

"मग सावली चुकली. उजेड दारातून यायला हवा होता, मी खिडकीतून आणला. संसारी माणसाला दार आधी आठवतं." असं म्हणून त्यांनी छत्री उघडून उजेडात धरली आणि सावली कशी पडते ते मला समजावून द्यायला लागले. मी ऐकून घेतलं आणि परत आलो.

मग बाईंना निरोप पाठवला. त्या शाळेतून परस्पर आल्या. मी प्रूफ हातात दिलं आणि तोंड फिरवून टायपाच्या केसमध्ये काहीतरी शोधायला लागलो. मागून आवाज येईना म्हणून वळलो, तर बाईंनी पदर तोंडाशी नेला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. पण बाई हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"अगो बाई गो," त्या म्हणाल्या. "भाऊ, विहिणीवरच्या गाण्यांचे टाइप तुम्हीच जुळवलेत ना? त्यातलं निम्मं मला छापता नाही आलं. त्या बायकांनी हे बघितलं तर ह्याच्यावर आणखी चार रचतील."

मग हसू ओसरलं आणि त्या स्टुलावर बसल्या.

"सेक्रेटरी हेच शोधत होते," त्या म्हणाल्या. "शाळा जाईल माझी. ह्या वयाच्या सासूबाईंना घेऊन मी कुठे जाऊ?"

"मुखपृष्ठावर चित्र नको. नुसतं नाव छापू."

"आणि मास्तरांना काय सांगाल?"

"खरं ते सांगतो. कधीतरी सांगायलाच हवं."

"नाही." बाईंचा आवाज एकदम वर्गातला झाला. "एवढं सांगून ते थांबणार नाही, भाऊ. आजवर त्यांनी काढलेलं सगळं त्यांना एकदम दिसेल. फळ्यावर मुलांना शिकवलेलं दिसेल. त्या माणसाकडे दुसरं काय आहे?"

बाईंनी प्रूफ पुन्हा समोर ओढलं. मग बाई म्हणाल्या, "एक नारळ वाढवला तर?"

मी एका नारळाच्या बाजूला अंगठा टेकवून तिथे तिसरा आहे असं धरून बघितलं. खरंच, तिसरा आला की ते घाणा भरण्याचं चित्र होत होतं. मुसळ मुसळ होत होतं आणि नारळ नारळ होत होते.

आम्ही दोघं झाडगावला गेलो. बाई पुढे, मी मागे. मास्तरांनी घाईघाईनं कोटाची बटणं लावली. त्यांच्या माडीवर बाईमाणूस कधी चढलं नसावं. बाईंनी चित्राची तोंडभर स्तुती केली, आणि मग म्हणाल्या, "मास्तर, त्यात तिसरा नारळ हवाय मला."

"तिसरा?" मास्तर उभेच राहिले. "बाई, तिसरा कसा येईल? एक उभं, दोन गोल. तिसरा गोल आला की चित्राचा बाजार होतो."

"होऊ दे."

"तोल जातो हो!"

"जाऊ दे."

"नाही जमायचं. हवं तर चित्रच नका छापू. पण हे असलं मी काढणार नाही." मास्तर मऊ माणूस, पण नियमाला हात लावला की दगड. मला वाटलं, संपलं. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायची वेळ जवळ आली होती, दुसरा चित्रकार शोधायला सवड नव्हती, आणि चित्राशिवाय काढायचं तर मास्तर मनातून दुखावणार होते. मी उठायच्या बेतात होतो.

बाई उठल्या नाहीत. मांडीवरच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "मास्तर, लग्नघरात एक नारळ सासरचा असतो, एक माहेरचा. ते दोन तुम्ही बरोबर काढलेत. तिसरा उंबऱ्याबाहेर जे उभं असतं त्याचा."

सवयीनं मास्तरांचा हात पेन्सिलीकडे गेला होता, तो त्यांनी खाली घेतला. खालून घरमालकांच्या गोठ्यातली गाय हंबरली. मास्तर खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"बरं," ते म्हणाले. "काढतो."

मग वळून मला म्हणाले, "पण माझं नाव घालू नकोस रे. हे चित्र माझ्या नियमातलं नाही."

बाईंनी हरप्रकारे सांगून बघितलं. नाव हवंच म्हणाल्या, नावासाठी अडून बसल्या. मास्तर ऐकेनात. दुसरं चित्र आठवड्याच्या आत आलं. मुसळ तेच, दोन नारळ तेच, आणि एका बाजूला, जरा लांब, तिसरा नारळ. कोपऱ्यात सही नव्हती. ब्लॉक शेवटच्या बोटीनं आला आणि पुस्तक निघालं. सेक्रेटरींनी ते पुढून बघितलं, मागून बघितलं, वाकडं धरून बघितलं. शेवटी म्हणाले, "नारळ बरे काढलेत." बाईंची शाळा राहिली. आतल्या पानावर बाईंचं नाव आहे आणि आमच्या छापखान्याचं आहे. मास्तरांचं नाही.

त्यानंतर मास्तर आमच्याकडे बरीच वर्षं चित्रं काढत होते. मी धसक्यानंच कागद उघडायचो. पण त्यानंतरच्या प्रत्येक चित्रात तिसरा गोल होता. समई आणि तीन फुलं. निशाणाची काठी आणि तीन धोंडे. तिसरा नेहमी जरा लांब. लोकांचं खोकणं हळूहळू बंद झालं. मास्तरांना मी कारण विचारलं नाही, म्हटलं सुंठीवाचून खोकला गेला. बाई मात्र दर नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ येऊन बघून जायच्या. त्या दोघांत बोलणं म्हणाल तर वाटेत नमस्कार, पावसापाण्याची चौकशी, एवढंच.

मास्तर आजारी पडले ते उठलेच नाहीत. बाई दुपारी पेज करून पाठवायच्या, मी संध्याकाळी जाऊन बसायचो. एकदा त्यांना जरा बरं वाटत होतं. उशाला टेकून बसले होते. मी सहज म्हटलं, "मास्तर, तुम्ही तिसरा काढत नव्हतात ना? मग नंतर सगळ्या चित्रांत काढायला लागलात तो?"

"चित्र बिघडतं त्यानं," मास्तर म्हणाले. "अजूनही बिघडतं. पण बाहेर कोणीतरी उभं असतंच की रे. मी कधी बघितलंच नव्हतं." दम लागला म्हणून थांबले. मग म्हणाले, "आणि माझ्याकडे कोणी काही मागितलंही नव्हतं रे कधी. काढलं ते घेऊन गेले सगळे. हे हवं म्हणून मागितलं ते बाईंनीच."

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं. घरी येताना मात्र रस्त्यातच रडू आलं.

मास्तर गेल्यावर थोड्या दिवसांनी बाई छापखान्यात आल्या. मास्तर जे बोलले होते ते मी त्यांना सांगितलं.

"तिसऱ्या नारळाचं ते कारण मला त्यांचा जिना चढताना सुचलं होतं हो," त्या म्हणाल्या. "काहीतरी सांगायला हवं म्हणून सांगितलं." मग म्हणाल्या, "भाऊ, तो पहिला ब्लॉक मोडीत घातलात?"

नव्हता घातला. फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. मी तो उतरवला, धूळ झटकली. बाईंनी दोन्ही हातांनी घेतला.

"हा कशाला बाई? हा काही छापता यायचा नाही."

"छापायचा कुठे आहे?"

त्यांनी चित्राच्या कोपऱ्यात बोट टेकवलं. ब्लॉकवर अक्षरं उलटी असतात. बाईंनी ती बोटाखाली एकेक करून वाचली, उजवीकडून डावीकडे.

"ह्याच्यावर त्यांचं नाव आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांची नजर कोपऱ्यातून वर चित्राकडे गेली, आणि त्यांनी पदर तोंडाशी नेला. खांदे हलायला लागले. मी कंपोझिटरला खूण केली. छापायला काही नव्हतं, तरी त्यानं ट्रेडल चालू केलं, आणि त्या आवाजाआड बाईंना हवं ते करता आलं.